अर्ध्या नाटकाचे श्रोते

१९८३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या 'प्लेराइट्स होरायझन्स' या छोट्या नाट्यगृहात एका नव्या संगीत नाटकाचे पंचवीस प्रयोग झाले. त्यातल्या बहुतेक प्रयोगांना प्रेक्षक यायचे, पहिला अंक बघायचे आणि घरी जायचे. दुसरा अंक अजून उभाच राहिला नव्हता. तो दिसला फक्त शेवटच्या तीन प्रयोगांत, तोही कच्चा. संगीतकार होते स्टीफन सॉन्डहाइम, लेखक-दिग्दर्शक जेम्स लपाइन आणि नाटक 'संडे इन द पार्क विथ जॉर्ज'. ठिपक्यांनी चित्र रंगवणाऱ्या जॉर्ज सोरा या फ्रेंच चित्रकारावरचं. पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं, तेव्हाही दुसऱ्या अंकातली दोन महत्त्वाची गाणी लिहून व्हायची होती. शुभारंभाआधीच्या प्रयोगांतून लोक उठून जात होते. ती दोन गाणी अगदी शेवटच्या दिवसांत आली, नाटकात बसली आणि दुसरा अंक एकदम उजळला. १९८५ साली या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

ही हकिकत वाचली की मला आपलं आनंदोद्भव नाट्यगृह आठवतं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातल्या याच नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला, तो चारच अंकांचा. कालिदासाचं नाटक सात अंकांचं आहे. उरलेले अंक नंतर आले. मराठी संगीत रंगभूमीचा जन्मच असा अर्ध्या नाटकाने झाला, आणि पुणेकरांनी ते अर्धं नाटक डोक्यावर घेतलं. गेले काही आठवडे या सदरात जुन्या पदांविषयी लिहितो आहे. आज लिहायचं आहे ते अजून न झालेल्या नाटकांविषयी.

संगीत नाटक टेबलावर पूर्ण होत नाही. गद्य नाटकाची संहिता वाचून जाणकाराला पुष्कळ कळतं. पण पद वाचून काही कळत नाही, चाल ऐकूनही निम्मंच कळतं. ते पद त्या प्रसंगात, त्या नटाच्या तोंडून, समोर माणसं बसलेली असताना ऐकावं लागतं. मगच कळतं की दुसरं कडवं नको आहे, किंवा हे पद नायकाचं नसून नायिकेचं आहे.

हे शेवटचं वाक्य सहज लिहिलेलं नाही. 'अ लिटल नाइट म्युझिक' या १९७३ च्या नाटकात नेमकं असंच घडलं. दुसऱ्या अंकातल्या एका प्रसंगात गाणं नायकाने म्हणायचं, असा सॉन्डहाइम यांचा समज होता. तालमी सुरू असताना दिग्दर्शक हॅल प्रिन्स यांनी तो प्रसंग अशा रीतीने बसवला की सगळा भार नायिकेवर आला. आता गाणं तिला हवं होतं. भूमिका करत होत्या ग्लिनिस जॉन्स. आवाज गोड, किंचित घोगरा, पण दमसास कमी. लांब सूर त्यांना पेलत नसे. सॉन्डहाइम यांनी रातोरात नवं गाणं लिहायला घेतलं आणि त्याच्या ओळी मुद्दाम तोकड्या ठेवल्या. छोटे छोटे प्रश्न, शेवटी व्यंजनावर तुटणारे, म्हणजे सूर आपोआप थांबतो आणि बाईंना श्वास घ्यायला जागा मिळते. 'सेंड इन द क्लाउन्स' हे ते गाणं. पुढे ते जगातल्या मोठमोठ्या गायकांनी गायलं. पण त्यातली ती थांबत थांबत बोलणारी, हरलेली, तरी स्वतःला सावरणारी बाई आली ती एका नटीच्या श्वासातून. तालीम अर्ध्यावर नसती तर ते गाणं जन्माला आलं नसतं.

आपल्याकडेही ही रीत होती. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांनी बालगंधर्वांचा गळा समोर ठेवून बांधल्या. बुवा त्यांचे गुरूच. कुठली जागा शिष्याला सहज येते आणि कुठे त्याला थांबवलं पाहिजे, हे त्यांना ठाऊक होतं. कंपनीचं बिऱ्हाड एकत्र, जेवणाची पंगत एक, पेटी आणि तबला हाताशी. चाल बदलायला वेगळी परवानगी लागत नव्हती.

आज काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका नव्या संगीत नाटकाच्या तालमीला गेलो होतो. शाळेचा हॉल, बाकं भिंतीला लावलेली, कोपऱ्यात पेटी. नायिकेला एक पद गात गात तीन पायऱ्या चढायच्या होत्या. नेपथ्य यायचं होतं म्हणून पायऱ्यांच्या जागी दोन बाकं मांडली होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तार षड्जावर ठहराव, आणि नेमकं तिथेच पाऊल वर पडत होतं. मुलगी तयारीची होती, तरी दर वेळी सूर थरथरत होता. संगीतकाराने दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा पेटी थांबवली आणि म्हणाला, "हिची चूक नाही, माझी आहे. ठहराव मध्यमावर घेतो आणि वरचा षड्ज पुढच्या ओळीत नेतो. दोन दिवस द्या." मला तो क्षण फार मोलाचा वाटला. आपली चूक तालमीत सापडावी आणि ती मोकळेपणाने कबूल करता यावी, यासाठीच तर तालीम असते.

पण दोन दिवस मिळाले नाहीत. नाट्यगृहाची तारीख मिळाली होती, जाहिरात गेली होती. पद दुसऱ्या गायिकेकडून ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि नायिकेने शुभारंभाला ओठ हलवले. अठरा-वीस प्रयोगांत नाटक बंद पडलं. त्या संगीतकाराने पुढे संगीत नाटक केलं नाही, तो आता मालिकांची शीर्षकगीतं करतो. ते नाटक त्या एका पदामुळे पडलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या घाईत ते पद गेलं, त्याच घाईत बाकीचंही गेलं होतं.

घाई केली नाही की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच रंगभूमीवर आहे. प्राजक्त देशमुख यांचं 'संगीत देवबाभळी' आधी एकांकिका होतं. एकांकिका म्हणून ते लोकांसमोर गेलं, लोकांनी कुठे श्वास रोखला ते कळलं, आणि मग त्याचं दोन अंकी नाटक झालं. आनंद ओक यांचं संगीत, रंगमंचावर फक्त दोन बाया, आवली आणि रखुमाई, आणि दोघी स्वतः गाणाऱ्या. त्याचे पाचशे प्रयोग झाले. संगीत नाटकाला आता प्रेक्षक नाही, हे रडगाणं ज्यांना गायचं आहे त्यांनी हा आकडा पाहावा. एकांकिका स्पर्धांनी इथे नकळत 'प्लेराइट्स होरायझन्स'चं काम केलं. नकळत झालं ते आता जाणूनबुजून व्हायला हवं.

वेळ दिला म्हणून नाटक चांगलंच होतं असंही नाही, हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेतल्या मायझनर बंधूंच्या कथेने सॉन्डहाइम यांना तरुणपणापासून झपाटलं होतं. १९९९ मध्ये ती कार्यशाळेत 'वाइज गाइज' या नावाने आली, २००३ मध्ये शिकागो आणि वॉशिंग्टनला 'बाउन्स' म्हणून, २००८ मध्ये न्यूयॉर्कला 'रोड शो' म्हणून. तीन नावं, दिग्दर्शकही बदलत गेले, आणि तरीही ते त्यांच्या मोठ्या नाटकांच्या पंक्तीला बसलं नाही. मला त्यांची चिकाटी आवडते, नाटक तितकंसं नाही.

त्यांचं शेवटचं नाटकही असंच वर्षानुवर्षं शिजत राहिलं. लुई बुन्युएल यांच्या दोन चित्रपटांवरचं, लेखक डेव्हिड आइव्हज. पहिल्या भागात श्रीमंत मंडळी जेवायला जागा शोधत हिंडतात आणि कुठेच जेवण मिळत नाही. दुसऱ्या भागात ती एका खोलीत अडकतात आणि बाहेर पडू शकत नाहीत. दुसऱ्या भागाची गाणी सॉन्डहाइम यांना सुचेनात. सप्टेंबर २०२१ मध्ये नाटकाचं वाचन झालं. तोवर सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं की खोलीत कोंडलेल्या या माणसांना गायला कारणच उरलेलं नाही, इथे संगीत थांबणं हाच नाटकाचा अर्थ आहे. सॉन्डहाइम यांनी ते मानलं. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ९१ व्या वर्षी ते गेले. 'हिअर वी आर' या नावाने ते नाटक ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं, २०२५ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्येही झालं. त्यातली शांतता त्या वाचनाने मान्य केलेली आहे. वाचन झालं नसतं तर आपण तिला फक्त अपुरेपणा म्हटलं असतं.

अपुरं राहिलेलं नाटक आपल्याकडेही आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'रामराज्यवियोग' १८८४ मध्ये रंगमंचावर आलं ते तीन अंकांचं, आणि तेवढंच राहिलं. पुढच्या वर्षी अण्णासाहेब गेले.

निर्मात्यांना आणि नाट्यसंस्थांना माझी विनंती साधी आहे. नव्या संगीत नाटकाची तारीख घेण्याआधी त्याचं एक वाचन ठेवा. नेपथ्य नको, वेशभूषा नको. एक पेटी, एक तबला, नट खुर्च्यांवर बसलेले आणि समोर पन्नास माणसं. मग संगीतकाराला महिनाभर द्या आणि पुन्हा एक वाचन ठेवा. आणि वाचकहो, तुमच्या गावात असं बोलावणं आलं तर जरूर जा, अर्धंच ऐकायला मिळालं तरी जा. बोलावणं मलाही कळवा. मी तिकीट काढून येईन.