किनाऱ्यावरचे बिऱ्हाड आणि समीक्षेची सोय

काही पुस्तकांना 'प्रसन्न' ठरवून बाजूला ठेवण्याची सवय आपल्या समीक्षेला आहे. हे विशेषण वरकरणी गौरवाचे वाटते; प्रत्यक्षात ते चौकशी थांबविण्याचा हुकूम असते. एखाद्या संहितेला ते एकदा चिकटले की तिच्यातील सत्तासंबंध, तिची मौने, तिच्या निवेदकाने केलेली निवड यांविषयी प्रश्न विचारणे अरसिकपणाचे ठरते. या अलिखित संकेताला विरोध करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विरोध अमूर्त राहू नये म्हणून एकच संहिता समोर ठेवतो: जेरल्ड डरेल यांचे १९५६ साली प्रसिद्ध झालेले 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स'.

पुस्तक परिचयाचे आहे. इंग्लंडच्या ओल्या हवेला कंटाळलेले एक कुटुंब, म्हणजे विधवा आई आणि तिची चार मुले, १९३५ साली ग्रीसमधील कॉर्फू बेटावर येते, समुद्राच्या सान्निध्यात एकामागून एक तीन घरे करते आणि १९३९ साली बेट सोडते. शेंडेफळ जेरल्ड आला तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या नजरेतून कासवे, विंचू, कोळी, समुद्रपक्षी आणि त्याच बारकाईने घरची माणसे टिपली जातात. मुळात हे बेटाच्या निसर्गाचे वर्णन व्हायचे होते, पण पहिल्याच पानांत कुटुंबाला शिरू दिले आणि त्याने पुस्तक बळकावले, अशी थट्टेची तक्रार लेखकाने प्रारंभीच नोंदविली आहे.

या पुस्तकाचे दोन प्रकारचे वाचन संभवते. रसग्रहणवादी वाचक म्हणतो: निर्मळ विनोद, रम्य बालपण, निसर्गाशी तादात्म्य, यापलीकडे काय हवे? गेल्या काही दशकांत विद्यापीठीय विभागांत स्थिरावलेला सिद्धान्तवादी वाचक म्हणतो: गोरे कुटुंब, दक्षिणेकडचे बेट, नोकरचाकर, आणखी पुरावा कशाला हवा? पहिला वाचक संहितेला प्रश्नच विचारीत नाही, दुसऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. दोघांनाही पुस्तक वाचण्याची गरज पडत नाही, हे त्यांच्यातील साम्य मतभेदापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

२

प्रथम 'परदेश' या शब्दाचाच विचार करू. हे कुटुंब 'इंग्लंडहून परदेशी' गेले असे आपण सहज म्हणतो. पण आई लुइसा यांचा जन्म १८८६ साली रुरकीचा. थोरला मुलगा, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला लॉरेन्स, १९१२ साली जालंधरला जन्मला. जेरल्ड १९२५ साली जमशेदपूरला. वडील अभियंता होते. १९२८ साली डलहौसीला त्यांचे निधन झाल्यावर हे कुटुंब ज्या देशात 'परतले', तो देश मुलांच्या दृष्टीने परकाच होता. म्हणजे ज्या बोर्नमथहून ते कॉर्फूला निघाले, ते बोर्नमथ त्यांचे मूळ गाव नव्हते. तेही एक बिऱ्हाडच होते आणि तेही समुद्रकाठचेच. संहितेत हिंदुस्थान मात्र ओझरताच येतो.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. चार माणसे येऊन राहिली, घरे उठली, की आपण तिला 'वसाहत' म्हणतो; आणि साम्राज्याने बळकावलेल्या प्रदेशालाही 'वसाहत'च म्हणतो. वसणे आणि बळकावणे या दोन क्रियांना मराठीने एकाच शब्दात शेजारी ठेवले आहे. आपली समीक्षा मात्र ही लगट सोडवून टाकते: रसग्रहणवाद्याला केवळ वसणे दिसते, सिद्धान्तवाद्याला केवळ बळकावणे. वस्तुतः डरेल कुटुंबाचा प्रश्न या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे.

कॉर्फू १९३५ साली ब्रिटिशांची वसाहत नव्हते. १८१५ ते १८६४ या काळात आयोनियन बेटे ब्रिटिश संरक्षणाखाली होती. क्रिकेट त्या काळात तेथे रुजले आणि आजही खेळले जाते. पण डरेल कुटुंब आले ते स्वतंत्र ग्रीसच्या भूमीवर, कोणताही अधिकार हाती नसताना. मग त्यांना तेथे सुखाने राहू देणारी शक्ती कोणती? ती राजसत्ता नव्हती; ती चलनाची होती. १९३२ साली ग्रीसने परकीय कर्जाची फेड थांबविली होती आणि द्राख्मा घसरला होता. इंग्लंडात जेमतेम भागणारे विधवेचे उत्पन्न कॉर्फूत बागेसह घर आणि मोलकरीण पुरवू शकत होते. एडवर्ड सईद यांनी १९९३ सालच्या 'कल्चर अँड इम्पीरिअलिझम'मध्ये जेन ऑस्टिनच्या कादंबरीतील वाड्यामागे अँटिग्वाचे मळे वाचून दाखविले. त्या पद्धतीचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते, की तिची यांत्रिक नक्कल येथे निकामी ठरते. येथे मळा नाही, गुलाम नाही. विनिमयाचा दर आहे. जी उपपत्ती राज्यकर्ता आणि घसरत्या चलनाच्या देशात स्वस्तात राहणारा परका यांच्यात फरक करू शकत नाही, ती उपपत्ती नव्हे, शिक्का आहे.

३

आता संहितेकडे वळू. बेटावर उतरलेल्या कुटुंबाला घर हवे असते आणि आईची अट एकच: स्नानगृह असले पाहिजे. हॉटेलचा वाटाड्या घरांमागून घरे दाखवितो, स्नानगृह कोठेच नाही. पुढे टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात सापडलेल्या या मंडळींच्या मदतीला स्पिरो धावून येतो. तो घर मिळवून देतो, भाडे ठरवितो, जकातीची अडचण निस्तरतो, बाजारहाट करतो आणि पाहता पाहता कुटुंबाचा पालक होऊन बसतो. वाचक हसतो, हसावेच असे ते प्रसंग आहेत.

पण स्पिरोला हे शक्य का होते? त्याला इंग्रजी येते म्हणून. आणि इंग्रजी येते ती तो अमेरिकेत, शिकागोला, काही वर्षे राबून परतला आहे म्हणून. बेटावर त्याची ओळखच 'अमेरिकन' अशी आहे. म्हणजे एका इंग्रज कुटुंबाचे बिऱ्हाड ज्या पायावर उभे राहते, तो पाया एका ग्रीक कष्टकऱ्याचे आधीचे स्थलांतर आहे. त्याने परक्या मुलखात सोसून कमावलेली भाषा यांना आयती मिळते. समीक्षेच्या दृष्टीने पुस्तकाचे मर्म येथे आहे, आणि ते कोणत्याही बाह्य दस्तऐवजातून आणावे लागत नाही. ते पानावरच आहे. स्पिरो शब्दाशब्दाला अनेकवचनाचा 'स' जोडतो, हा पुस्तकातील सर्वांत लोकप्रिय विनोद. स्थलांतरिताच्या भाषेवरचे श्रमाचे वळ येथे हास्यविषय झाले आहेत. डरेल कुटुंबाच्या मोडक्या ग्रीकवर मात्र कोणी इतका वेळ हसत नाही.

म्हणून विनोद दोषी ठरतो काय? नाही. उलट विनोद हेच येथे ज्ञानाचे साधन आहे. गंभीर निवेदनाने स्पिरोला 'विश्वासू सेवक' करून टाकले असते. विनोदी निवेदन त्याला बडबडू देते, घासाघीस करू देते, कुटुंबावर गुरकावू देते. परिणामी घर कसे मिळते, कोणाच्या जिभेवर आणि कोणाच्या ओळखींवर मिळते, हे वाचकाला दिसत राहते. मोलकरीण लुगारेत्सिआ आपल्या आजारांचे पाढे वाचते आणि सगळे वैतागतात. पण तिच्या तक्रारीमुळेच सुखी घरात एक थकलेले शरीर काम करीत असल्याचे भान राहते. पुस्तक त्याच्या चाहत्यांपेक्षा शहाणे आहे.

या संदर्भात थिओडोर स्टेफनिडिस यांची आठवण अपरिहार्य ठरते. जेरल्डचे हे वैद्यकज्ञ आणि निसर्गाभ्यासक गुरू पुस्तकात सर्वाधिक आदराने येतात. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईचा. रॅली ब्रदर्ससारख्या ग्रीक पेढ्यांचा पसारा ज्या शहरात होता, त्या शहरातून हा ग्रीक मुलगा कॉर्फूला आला. जमशेदपूरचा इंग्रज मुलगा आणि मुंबईचा ग्रीक गुरू एका बेटावरच्या डबक्यात सूक्ष्मजीव शोधीत बसतात, हे चित्र केवळ गमतीचे नाही. 'मूळ', 'भूमी', 'देशीपण' यांवर जन्मस्थळाच्या दाखल्याने निवाडा देणाऱ्या आपल्याकडील देशीवादाच्या सोप्या आवृत्तीला ते निरुत्तर करते. या दोघांना बेटाशी बांधते ती जन्माची नाळ नव्हे, रोजची निरीक्षणाची शिस्त.

४

येथे एक आक्षेप संभवतो. निवेदक मूल आहे. मुलाला चलन, राजकारण, श्रम यांचे भान कोठून असणार? बालदृष्टीच्या मर्यादेला संहितेचे मौन म्हणणे अन्यायाचे नव्हे काय?

आक्षेप सबळ वाटतो, पण टिकत नाही. कारण प्रौढ लेखकाने या बालदृष्टीत जाणीवपूर्वक फेरफार केले आहेत. वास्तवात लॉरेन्स विवाहित होता. पत्नी नॅन्सीसह तो बराच काळ कलामी येथे वेगळा राहिला. पुस्तकात नॅन्सी नाही आणि लॅरी घरच्यांच्या डोक्यावर बसलेला आहे. वास्तवात १९३९ साली महायुद्धाने कुटुंबाला बेट सोडावे लागले. पुस्तकात कारण दिले आहे ते धाकट्याच्या शिक्षणाचे. ४ ऑगस्ट १९३६ पासून ग्रीसवर मेटाक्सस यांची हुकूमशाही होती आणि कॉर्फूच्या तुरुंगात राजकीय कैदी डांबले जात होते; पुस्तकात कैदी आहे, पण तो आठवडाअखेर सुटी मिळणारा, मुलाला पक्षी देणारा खुनी. दहा वर्षांच्या मुलाला भावजय दिसली नसेल असे कोणी म्हणणार नाही. हे अज्ञान नव्हे, हा आकृतिबंध आहे. आणि आकृतिबंध म्हटला की त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी समीक्षेवर येते.

हा अर्थ १९५६ या वर्षाकडे पाहिल्यावर उलगडतो. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन बाँबफेकीने कॉर्फू शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. जून १९४४ मध्ये तेथील ज्यू समाजाला आउशविट्झला नेण्यात आले. बहुतेक परतले नाहीत. ब्रिटनमधील शिधावाटप १९५४ मध्येच संपले होते, आणि १९५६ हे सुएझचे वर्ष. साम्राज्य आवरते घेणाऱ्या, थकलेल्या वाचकवर्गाला या पुस्तकाने असा एक परदेश दिला, जेथे सत्तेवाचून स्वागत होते आणि जेथून निघताना पराभव नसतो. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, लॉरेन्स यांचे 'बिटर लेमन्स' आले. तेथेही भूमध्यसागरातील बेट, घराची घासाघीस, प्रेमळ शेजारी. पण बेट सायप्रस होते. लेखक घर घेऊन राहिला आणि वसाहती सरकारचा माहिती अधिकारी झाला. शेजारधर्म बंडात कोसळला. दोन भावांची ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की 'वसाहत' या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर येतात. आपण मात्र एकाला निसर्गलेखनाच्या आणि दुसऱ्याला राजकीय आठवणींच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो.

५

या साऱ्याशी मराठी समीक्षेचा संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध परिभाषेतील दुटप्पीपणाचा आहे. १८३४ नंतर मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध हिंदी मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अशा साडेचार लाखांच्या आसपास माणसांची नावे, वये, गावे नोंदली गेली. त्यांच्या वंशजांनी भाषा आणि गणेशोत्सव जपला. त्यांच्याविषयी लिहिताना आपण 'उन्मूलन', 'तुटलेली मुळे', 'विस्थापन' ही शब्दसंपदा वापरतो. समुद्रकाठी बिऱ्हाड करणाऱ्या इंग्रज कुटुंबासाठी 'मुक्ती', 'आनंदपर्व', 'साहस'. गरिबाने देश सोडला की स्थलांतर, सुखवस्तूने सोडला की वास्तव्य! दोन्ही अनुभव सारखे नाहीत, हे उघड आहे. एकाला परतीचा मार्ग मोकळा होता, दुसऱ्याचा करारपत्राने बांधला होता. पण हा फरक मोजायचा तर दोन्हीकडे एकच प्रश्न विचारावे लागतील: घर कोणी शोधले? भाषा कोणाची वापरली? स्वस्ताई कोठून आली? निघताना कोणते कारण सांगितले आणि कोणते सांगितले नाही?

अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या लेखनालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. तेथील पहिले घर, पहिला हिवाळा, पहिला गणपती यांच्या वर्णनांवर आपण एक तर कौतुकाचे शिंतोडे उडवितो, नाही तर 'स्मरणरंजन' म्हणून नाक मुरडतो. त्या घरातील स्पिरो कोण, हे पाहत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून खोल्या घेऊन राहिलेल्या परदेशीयांविषयी आपल्याला यजमानाच्या बाजूने बरेच ठाऊक आहे. ते ज्ञान कॉर्फूविषयी वाचताना आपण दाराबाहेर ठेवतो. वास्तविक अशा संहितांच्या वाचनात मराठी वाचकाची अधिकारभूमी तीच आहे. पाहुणा आणि यजमान, गिरमिटिया आणि सुखवस्तू, या साऱ्या जागी आपली माणसे राहिलेली आहेत.

प्रसन्न पुस्तकाला प्रश्न विचारल्याने त्याची प्रसन्नता नाहीशी होत नाही. नाहीशी होते ती आपली सोय. जी समीक्षा स्वतःची सोय सोडायला तयार नाही, तिने निदान रसिकतेच्या नावाने ती मागू नये.