शर्यतीतील श्रम : सेवा की वेठ?

पावसाळा सरला आणि हवेत गारवा आला की रविवारच्या पहाटे धावण्याच्या शर्यती भरविण्याची प्रथा महाराष्ट्रात आता चांगलीच रुजली आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, आणि साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटरस्त्यावरील अर्धमॅरेथॉन २०१२ साली. ही लाट पुढे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. वकील, डॉक्टर, बँकेतील कारकून, गृहिणी, निवृत्त शिक्षक असे नाना थरांतील लोक छातीवर क्रमांक लावून धावताना दिसतात, ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत विजेत्यांची छायाचित्रे येतात, झेंडा दाखविणाऱ्या पाहुण्यांची येतात, प्रायोजकांच्या फलकांचीही येतात. या छायाचित्रांत सहसा न दिसणारा एक वर्ग मात्र आहे. तो धावत नाही, उभा असतो. त्याला स्वयंसेवक म्हणतात, आणि पुष्कळदा तो एखाद्या महाविद्यालयाचा विद्यार्थी असतो.

या विद्यार्थ्याच्या श्रमाचे स्वरूप काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. एका सकाळचे चारसहा तास, त्यात एवढा विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु हे श्रम दान म्हणून दिले जातात की वसूल केले जातात, यावर त्या मुलाच्या मनात ‘समाजसेवा’ या शब्दाला आयुष्यभर कोणता अर्थ चिकटणार हे अवलंबून आहे.

उभ्या माणसांचे काम

शर्यत सकाळी सहाला सुटायची असेल तर पाण्याच्या टेबलाशी नेमलेल्या मुलामुलींना चाराच्या सुमारास जागेवर हजर व्हावे लागते. त्या वेळी शहर बस सुरू झालेली नसते आणि रिक्षाचे भाडे खिशाला परवडणारे नसते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत साधारणतः दर पाच किलोमीटरवर पाणी असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनला निदान आठ ठिकाणी तरी टेबले मांडावी लागतात. आपल्याकडील उन्हाचा विचार करता याहूनही अधिक. पेला काठोकाठ न भरता अर्धामुर्धा भरावा, तो धावणाऱ्याच्या हाती न थांबता पडेल असा धरावा, या साध्या गोष्टीही सरावानेच जमतात. वळणावर उभ्या असलेल्या मुलाचे लक्ष क्षणभर ढळले आणि एक स्पर्धक भलत्या रस्त्याला लागला, तर त्याच्यामागून पन्नास जण तिकडेच जातात. एखाद्याची चाल अडखळू लागली, बोलणे असंबद्ध झाले, तर तो नुसता दमलेला नसून त्याला उष्माघात होत असण्याचा संभव आहे, हे सर्वांत आधी ज्याच्या लक्षात यायला हवे तो डॉक्टर नसतो. रस्त्याकडेचा स्वयंसेवक असतो. आणि सगळे निघून गेल्यावर तुडवलेले पेले गोळा करणारा, तोही बहुधा हाच.

या कामात विवेकही लागतो. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन धावपटू मॅरेथॉनच्या अखेरीस क्रीडांगणात वारंवार कोसळला. जवळच्या पंचांनी कळवळून त्याला उठवले, सावरले. त्याने अंतिम रेषा पहिल्याने ओलांडली आणि या मदतीमुळेच तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेज याला मिळाले. मदत कोठे करावी आणि कोठे हात आखडावा, याचे भान नसले तर सद्‌भावनाही घात करते, असा याचा अर्थ. तेव्हा ‘नुसते उभे तर राहायचे’ असे म्हणून ज्या कामाची बोळवण केली जाते, ते प्रत्यक्षात जबाबदारीचे आणि शिकून घेण्याचे काम आहे.

मोल आणि मोबदला

मग या कामाचे पैसे का देऊ नयेत? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक श्रमाला दाम लावल्याने ते अधिक चांगले होते असे नाही, हेही आता अर्थशास्त्रानेच दाखवून दिले आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाविषयी लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रक्ताचा बाजार मांडल्याने समाजातील देण्याची वृत्ती क्षीण होते आणि मिळणाऱ्या रक्ताचा दर्जाही घसरतो. २००० साली उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुले दारोदार फिरून सत्कार्यासाठी निधी गोळा करीत. काहींना नुसते कार्याचे महत्त्व सांगितले. काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि काहींना दहा टक्के इतका मोबदला संशोधकांच्या पदरचा देऊ केला. सर्वांत अधिक निधी जमवला तो काहीच न मिळणाऱ्यांनी, आणि सर्वांत कमी जमवला तो एक टक्का मिळणाऱ्यांनी. काम सेवेचे आहे तोवर माणूस मन लावून ते करतो. त्याला तुटपुंजी किंमत चिकटली की तो त्या किमतीएवढेच काम करतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट परक्या ग्रंथांतून शिकण्याचीही गरज नव्हती. इर्जिकीला गावचे शेतकरी आपापले बैल घेऊन एकाच्या शेतात उतरत आणि दिवसाअखेर त्याच्या घरी जेवून परतत. तेथे मजुरीचा हिशेब नसे. आषाढीच्या वाटेवर आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंत गावोगावचे लोक अनोळखी वारकऱ्याला भाकरी देतात, पाणी देतात, त्याचे पाय चेपतात. वाटसरूची सेवा करण्यासाठी पहाटे उठून रस्त्याकडेला उभे राहणे ही या भूमीत नवी गोष्ट नाही. ज्याला जायला मिळाले नाही तोही त्या वाटचालीत अशा रीतीने सामील होतो.

वेठीची सावली

परंतु इर्जिकीचा दाखला देणाऱ्यांनी तिचा दुसरा अर्धा भागही ध्यानात ठेवला पाहिजे. आज ज्याच्या शेतात काम झाले, तो उद्या दुसऱ्याच्या शेतात जाई. आणि इर्जिकीतील नांगरटीवर कोणी बाहेरचा नफा कमावीत नसे. शर्यतीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. अनेक शर्यतींना आता भरभक्कम प्रवेशशुल्क असते, प्रायोजक असतात, जाहिरातींचे हक्क असतात. वेळ मोजणाऱ्या कंपनीला पैसे मिळतात, मंडप घालणाऱ्याला मिळतात, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळतात. या साऱ्या साखळीत एकट्या पाणी देणाऱ्या मुलाच्याच वाट्याला ‘सेवाभाव’ का यावा? २०१४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील एका शर्यतीच्या स्वयंसेविकेने नफ्यासाठी शर्यती भरविणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, ती नेमक्या याच प्रश्नावर.

यापेक्षाही गंभीर बाब आहे ती सक्तीची. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सुरू झाली. तीत विद्यार्थ्याने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी अशी अपेक्षा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तिला श्रेयांकही जोडले गेले. योजनेचा हेतू उदात्त आहे यात शंका नाही. पण ‘रविवारी पहाटे चाराला या, नाहीतर तास भरणार नाहीत’ असा निरोप जेव्हा वर्गात येतो, तेव्हा विद्यार्थ्याला नकार देण्याची सोय उरत नाही. ज्याच्या घरी खाऊनपिऊन ठीक आहे त्याची एक झोप जाते. जो पहाटे वृत्तपत्रे टाकतो किंवा दुधाच्या पिशव्या पोहोचवतो, त्याचा एका दिवसाचा रोज जातो. गमावलेल्या संधीचा खर्च हा नेहमी गरिबालाच अधिक पडतो.

येथे एका निकालाचे स्मरण उचित होईल. १९८२ सालच्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने असे म्हटले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय. कारण बळ हे केवळ शारीरिक वा कायद्याचे नसते, परिस्थितीचा रेटा हेही बळच असते. स्वयंसेवक विद्यार्थी म्हणजे त्या निकालातील मजूर नव्हे, हे उघड आहे. पण संमती खरी की परिस्थितीने काढून घेतलेली, हे तपासण्याची जी दृष्टी न्यायालयाने दिली, ती येथेही उपयोगी पडावी.

तीन कसोट्या

शर्यतीच्या संयोजकांची बाजूही ऐकली पाहिजे. अनेक शर्यती तोट्यात नसल्या तरी नफ्यातही नसतात. गावातील धावपटूच पदरमोड करून त्या भरवतात. मुंबईच्या मॅरेथॉनमधून अनेक सेवाभावी संस्थांना मोठा निधी मिळत आला आहे. शिवाय विद्यार्थ्याला शिस्त, धीटपणा आणि चार लोकांत वावरण्याची सवय लाभते. हे सारे मान्य करूनही तीन साध्या कसोट्या लावता येतील.

पहिली, नकाराची मोकळीक. जो आला नाही त्याचे काही बिघडणार नसेल, तरच आलेल्याचे येणे हे दान. सेवेचे तास भरून काढण्यासाठी महाविद्यालयाने दुसरे पर्याय ठेवले तर ही मोकळीक सहज देता येते. दुसरी, हिशेबाची उघडता. प्रवेशशुल्क किती जमले, प्रायोजकांनी किती दिले, खर्च किती झाला आणि शिल्लक कोठे गेली, हे संयोजकांनी जाहीर करावे. शिल्लक खाजगी खिशात जात असेल तर उभे राहणाऱ्यांना रोज दिला पाहिजे, आणि तोही एक टक्क्यासारखा तोंडाला पाने पुसणारा असू नये. तिसरी, परतफेड. धावणाऱ्यानेही कधीतरी उभे राहावे.

तिसरी कसोटी अव्यवहार्य वाटण्याचा संभव आहे. पण ती अमलात आलेली आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ जणांनी पाच किलोमीटरची एक दौड केली. त्यातून ‘पार्करन’ ही साप्ताहिक दौडींची चळवळ अनेक देशांत पसरली. तेथे प्रवेशशुल्क नाही, बक्षिसे नाहीत. वेळ टिपण्यापासून सर्वांच्या मागून चालत येण्यापर्यंतची कामे गावकरीच पाळीपाळीने करतात. मागून चालणाऱ्या स्वयंसेवकामुळे कोणाही धावणाऱ्याला आपण शेवटचे ठरल्याचे वैषम्य वाटत नाही. २०१६ साली ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड येथील स्थानिक परिषदेने उद्यानाच्या वापराबद्दल शुल्क मागितले, तेव्हा तत्त्व सोडण्याऐवजी चळवळीने तेथील दौडच बंद केली. परिषदेचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, उद्यानाच्या देखभालीला खर्च येतोच. पण फुकट दिलेल्या श्रमावर उभी राहिलेली गोष्ट फुकटच राहिली पाहिजे, हा आग्रह समजण्याजोगा आहे.

या कसोट्यांबरोबर काही किमान सौजन्ये पाळली जावीत. विद्यार्थिनींना पहाटे घरून आणण्याची आणि सुखरूप पोहोचविण्याची सोय, वेळेवर चहा-नाश्ता, प्रथमोपचाराचे आधी दिलेले शिक्षण, आणि त्या दिवसापुरता विमा. प्रमाणपत्रे वाटण्यापेक्षा हा खर्च अधिक सार्थ होईल. याची हमी घेतल्याशिवाय विद्यार्थी पाठविणार नाही, एवढे प्राचार्यांनी एकदा कळवले तरी पुष्कळ काम होईल.

समाजासाठी राबण्याची वृत्ती ही राष्ट्राची ठेव आहे आणि ती कोवळ्या वयातच रुजते. पण सक्तीने घेतलेले दान देणाऱ्याला कडवट करते, आणि असा विद्यार्थी पुढे शिक्षक वा कारकून झाला की श्रमदानाचे नाव निघताच पाठ फिरवतो. एका सकाळी फुकट वाटलेल्या पाण्याची किंमत मग समाजाला पुढची तीस वर्षे मोजावी लागते.