‘अलाइनमेंट करून घे!’

आपल्या होस्टेलवर काही रोगांची औषधं ठरलेली आहेत. मोबाइल हँग झाला, रीस्टार्ट मार. पोट दुखलं, मेसच्या भाजीला शिव्या घाल. आणि कुणाची गाडी एका बाजूला ओढते म्हटलं की सगळे एका सुरात सांगणार, ‘अलाइनमेंट करून घे!’ मेकॅनिकलचा पोरगा हेच सांगतो, सिव्हिलचा हेच सांगतो आणि गेटवरचे वॉचमन काकाही हेच सांगतात. मग चार वर्षं शिकून आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय पडला?

मित्रांनो, हा प्रश्न मला परतवाड्यात पडला. झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, त्याच्या जुन्या स्विफ्टला चार नवे टायर आणि चकचकीत मॅगव्हील बसवले. त्या आनंदात चिखलदऱ्याचा बेत ठरला. आम्ही पाच जण अमरावतीहून निघालो. वलगावपर्यंत गाण्यांचा आवाज मोठा होता. पुढे दादा म्हणाला, ‘‘स्टेअरिंग सोडलं की डावीकडे जाते यार.’’ आसेगाव ओलांडून काटा ८० च्या वर गेला, तर स्टेअरिंग असं थरथरायला लागलं जसे आपले हात व्हायव्हाला थरथरतात. दादा वैतागून म्हणाला, ‘‘दोन वेळा अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं. कागदावर सगळे आकडे हिरवे आहेत!’’ दोन्ही वेळचे पैसे गेले, दोष मात्र गाडीतच बसून राहिला.

परतवाड्याला चहाला थांबलो. शेजारी एक छोटं गॅरेज होतं. तिथल्या काकांनी बॉनेट उघडलं नाही की मशीन लावलं नाही. आधी फक्त तीन प्रश्न विचारले. कधीपासून ओढते? किती स्पीडला थरथरते? ब्रेक दाबल्यावर काही फरक पडते का? उत्तरं होती : नव्या टायरपासून, ८० नंतर, आणि नाही. काका म्हणाले, ‘‘पोट्टेहो, तुम्ही सारं एकदम बदलवलं. मंग चुकलं काय हे कसं समजन? एका टायमाले एकच गोष्ट बदलवाव, अन् मंग गाडी चालवून पाहाव.’’

त्यांनी सगळ्यात आधी पाना लावला. डाव्या पुढच्या चाकाचे दोन नट अर्धा-अर्धा फेरा फिरले. आम्ही सगळे गप्प! धामणगाव गढीच्या पुढे घाट सुरू होतो आणि चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. सैल नटांवर आम्ही पाच जण तो घाट चढणार होतो. नवं चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, हे आम्हा पाचांपैकी एकालाही माहीत नव्हतं. त्यातले तिघे इंजिनिअरिंगचे!

नट आवळले, चारही चाकांची हवा सारखी केली आणि अंजनगाव रोडवर चक्कर मारली. ओढणं तसंच, थरथर तशीच. तिथे काकांनी अजून एक गोष्ट दाखवली. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे उतरणारच. तो दोष नव्हे. रिकाम्या सपाट रस्त्यावरही ओढली तरच तक्रार खरी. आमची खरी होती.

मग पुढची दोन चाकं अदलाबदल केली, डावं उजवीकडे अन् उजवं डावीकडे. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असं करायचं नाही, पुढचं चाक त्याच बाजूला मागे टाकायचं.) पुन्हा चक्कर. आता गाडी उजवीकडे ओढायला लागली! म्हणजे दोष गाडीच्या कोनात नव्हता, टायरमध्येच होता. टायरच्या आतला पट्टा कारखान्यात किंचित एका बाजूला सरकला तर टायर शंकूसारखा वागतो. काकांनी चहाचा कागदी कप टेबलावर आडवा सोडला. तो सरळ गेला नाही, गोल वळला. ‘‘हे असं हाये,’’ म्हणाले. आमच्या पुस्तकातल्या दोन पानांपेक्षा तो कप लवकर समजला. तो टायर मागे गेला, ओढणं थांबलं. नंतर दादाने तो बदलूनच घेतला.

आता कागदावरचे हिरवे आकडे आठवा. मशीन खोटं बोललं नव्हतं. ते चाकाचे कोन मोजतं, टायर कसा लोळतो ते मोजत नाही. आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

राहिली थरथर. साधा नियम असा की स्टेअरिंग थरथरलं तर संशय पुढच्या चाकांवर, सीट थरथरली तर मागच्या. कमी स्पीडलाच गाडी डुलत असेल तर रिम वाकडी किंवा टायर गोल नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येत असतील तर डिस्क पाहायची. ठरावीक स्पीडनंतर सुरू होत असेल तर बॅलन्स. पण बॅलन्सिंग तर झालं होतं! काकांनी चाक काढलं आणि मधल्या भोकात बोट घालून दाखवलं. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या अनेक मॅगव्हीलचं भोक मात्र ७३.१ मिलिमीटर असतं, म्हणजे एकच रिम बऱ्याच गाड्यांना चालते. मधली फट भरायला एक रिंग लागते, ती दुकानदाराने दिलीच नव्हती. बॅलन्सिंगचं मशीन चाक मधल्या भोकातून बरोबर केंद्रात पकडतं, त्यामुळे तिथे सगळं ठीक. गाडीवर मात्र चाक फक्त नटांच्या भरवशावर, गंजलेल्या हबवर थोडं तिरकं बसलं होतं.

थोडं गणित करू या, आपण इंजिनिअर आहोत ना! रिमच्या कडेला, केंद्रापासून १८ सेंटिमीटरवर, ३० ग्रॅमचा फरक धरा. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास १५ फेऱ्या मारतं. तेव्हा त्या ३० ग्रॅमची ओढ साधारण ४६ न्यूटन, म्हणजे पावणेपाच किलोच्या वजनाएवढी होते. आणि ५० ला? फक्त चौथा हिस्सा, कारण बल वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणून गावात गाडी शहाणी आणि हायवेवर वेडी. आपल्या वऱ्हाडात तर पावसाळ्यात रिमच्या आत चिकटलेली काळी माती वाळली की तेवढं वजन आरामात होतं. तेव्हा पैसे देण्याआधी आतून चाक धुऊन पाहा.

काकांनी तारेच्या ब्रशने हब घासला, चाक हवेत असतानाच नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, मग गाडी खाली घेऊन पक्के केले. थरथर बरीचशी गेली. उरलेली अमरावतीला रिंग टाकल्यावर गेली.

याचा अर्थ अलाइनमेंट फालतू आहे असा नाही. टायर बदलूनही गाडी त्याच बाजूला ओढत राहिली, तर कॅम्बर-कॅस्टर पाहायलाच हवेत, आणि ब्रेक चिकटत असेल तर ते चाक जास्त तापलेलं सापडेल. पण हे औषध तपासणीनंतरचं आहे, आधीचं नव्हे. शिवाय दोन्ही चाकांचा टो सारखाच बिघडला असेल तर गाडी ओढत नाही, नुसती टायर खाते.

आता थोडं आपल्या लॅबबद्दल. सर, राग मानू नका. व्हायव्हात आम्हाला कॅम्बरची व्याख्या विचारली जाते आणि आम्ही ती धाडधाड म्हणतो. दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये फरक असेल तर गाडी कुठे ओढेल, हे कुणी विचारत नाही. (जास्त पॉझिटिव्ह असेल तिकडे. कॅस्टरचं उलट, कमी असेल तिकडे.) जर्नल सीनिअरचं, रीडिंगही सीनिअरचं. त्यात चुकीचं उत्तर शोधायची वेळच येत नाही. अभ्यासक्रमाला वेळ पुरत नाही हे मान्य. पण एका सेमिस्टरमध्ये एक दुपार मिळेल ना? डिपार्टमेंटच्या गाडीत सरांनी गुपचूप एक दोष घालावा. एका चाकाची हवा थोडी कमी करावी, किंवा रिमला ४० ग्रॅमचं वजन चिकटवावं. कॉलेजच्या मैदानात चक्कर मारून पोरांनी लिहावं : काय जाणवलं, कशाचा संशय, कोणती एक गोष्ट बदलली, त्याने काय झालं. मार्क उत्तराला कमी, क्रमाला जास्त. आणि त्या दिवशी परतवाड्याच्या काकांना पाहुणे म्हणून बोलवावं. मानधन द्यायला विसरू नये!

त्या दिवशी काकांनी मजुरी मोजकीच घेतली. जाताना म्हणाले, ‘‘घाट उतरून आले का पुन्हा पाना लावून पाहा.’’ आम्ही दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याहून उतरलो आणि लावला. एकही नट फिरला नाही. हे सांगायला मी आज होस्टेलवर आहे, म्हणून लिहितोय. तेव्हा आता कुणी रूमवर येऊन ‘गाडी ओढते बे’ म्हणाला, तर ‘अलाइनमेंट’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नका. आधी विचारा : कधीपासून? किती स्पीडला? ब्रेक दाबल्यावर काय होतं? आणि हो, नट आवळले का?