लग्नाच्या यादीतले चार दिवस



दिवाळीनंतरच्या एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील एक मुलगी सकाळीच दारात आली. तिचे लग्न ठरलेले आहे. मुलगा खामगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, मुलगी बी. ए. होऊन घरी ब्लाउज शिवते. दोन्ही घरे हातावर पोट असलेली. आमच्याकडे लोक येतात ते बहुधा जातीचा दाखला, घरकुल नाही तर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून घ्यायला. तसेच काही असेल म्हणून आम्ही चष्मा लावून बसलो. तिने विचारले, "काका, पासपोर्ट काढाले किती पैसे लागतात?"

मग तिने मोबाईलवर एक चित्र दाखवले. समुद्रात दोन खडक, एक मोठा, एक लहान, आणि दोघांना जोडणारा जाडजूड दोर. जपानच्या मिए प्रांतात फुतामी म्हणून किनाऱ्यावरचे गाव आहे, तिथले हे खडक. जपानी लोक त्यांना नवरा-बायकोचे खडक म्हणतात. दोर भाताच्या पेंढ्याचा असतो आणि वर्षातून तीनदा नवा बांधतात. "टोकियोसारखी गर्दी नाही म्हणे तिकडे. आम्हाले दोघाले तिथंच जा वाटते," ती म्हणाली.

आम्ही हसलो. हसायला नको होते. मुलगी मान खाली घालून निघून गेली आणि आमच्या पत्नीने आम्हाला चांगलेच धारेवर धरले. "तिनं निदान विचारलं तरी. आपलं लगन झालं तवा आपण दोघं कुठं गेलो होतो, सांगा बरं."

कुठेच नाही, हे खरे उत्तर. दोन खोल्या, आई-वडील, धाकटे दोन भाऊ. बायकोशी चार वाक्ये बोलायची तर पाणी भरायच्या निमित्ताने हापशीवर जावे लागे. आमच्या जिल्ह्यातला माणूस खारे पाणी पाहतो ते लोणारच्या सरोवराचे, आणि समुद्र पाहतो तो ६ डिसेंबरला, दादरला, चैत्यभूमीच्या रांगेत. आम्हीही तसाच पाहिला. डोक्यावर ऊन, हातात लेकराचा हात, खांद्यावर भाकरीची पिशवी. लाखोंच्या गर्दीत अभिवादनासाठी उभे असताना समुद्राकडे बघायला सवड कुणाला असते? पत्नी म्हणते की तिने त्या दिवशी फक्त आवाज ऐकला.

असो. संध्याकाळी आम्ही मुलीला निरोप पाठवला आणि बी. कॉम. झाल्याचा थोडा उपयोग करायचे ठरवले. नियोजित नवरदेवही आला. कागद घेऊन हिशेब मांडला.

जपानचा हिशेब लवकर संपला. पासपोर्टचे दीड हजार प्रत्येकी, मग व्हिसा, त्यासाठी बँकेत शिल्लक दाखवणे, आणि दोघांचे विमानाचे येणे-जाणेच लाखाच्या घरात. मुलाने पेन खाली ठेवले. तेव्हा आम्ही त्यांना जपानचीच एक हकीकत सांगितली. १९६४ पर्यंत साध्या जपानी माणसाला केवळ फिरायला परदेशी जाण्याची मुभा नव्हती, आणि पुढेही कित्येक वर्षे ते त्याच्या खिशाला परवडत नव्हते. मग तिथले कारकून आणि कामगार लग्नानंतर कुठे जात? क्युशू बेटावरच्या मियाझाकीच्या किनाऱ्याला, आणि तेही आगगाडीने! १९६७ पासून क्योटोहून मियाझाकीला खास नव्या जोडप्यांसाठी गाडी सुटे. १९७० च्या दशकात तर अशी वेळ होती की दर तीन नव्या जोडप्यांमागे सुमारे एक जोडपे त्या किनाऱ्यावर उतरत असे. पुढे १९७२ साली ओकिनावा बेटे अमेरिकेकडून परत मिळाली, हवाई आणि ग्वाम आवाक्यात आले, आणि मियाझाकी पुन्हा शांत झाले. जपान म्हटले की आपल्या घरांत भदंत सुरई ससाई आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. तिथला कामगार बायकोला घेऊन रात्रभर आगगाडीत बसून समुद्र पाहायला जात होता, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

"मंग आपली गाडी कोन्ती?" मुलीने विचारले. या प्रश्नाने आम्हाला फार बरे वाटले.

आपली गाडी मलकापूरहून. बुलडाण्याला रेल्वे नाही. घाट उतरून मलकापूर, तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई. पुढे कोकण रेल्वे. मुंबईहून सकाळी सुटणारी मांडवी एक्सप्रेस खेडला थांबते. मलकापूरची गाडी उशिरा पोचली तर ती हुकेल, म्हणून मध्ये एक दिवस नातेवाइकाकडे मुक्काम धरलेला बरा. कल्याण-अंबरनाथकडे आपले कोणी ना कोणी असतेच. खेडहून दापोली एस. टी. ने सुमारे तीस किलोमीटर, आणि दापोलीहून समुद्र तासाभराच्या आत. मार्च २०२३ पासून एस. टी. त महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे नवरीचा खर्च नवऱ्याच्या निम्मा. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. तिकिटावर नाव आधार कार्डाप्रमाणेच टाकावे. लग्न झाले म्हणून घाईने सासरचे आडनाव लिहू नये, तपासणीत घोटाळा होतो.

अलिबागचे नाव आम्ही मुद्दाम घेतले नाही. मुंबईची सगळी गर्दी शनिवार-रविवारी तिथे ओतलेली असते. दापोली तालुक्यातले मुरुड, कर्दे, लाडघर हे किनारे लांब आहेत आणि मंगळवार-बुधवारी जवळपास रिकामे असतात. हर्णै बंदरावर होड्या लागल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव सुरू होतो. त्याची भाषा समजत नाही, पण बघत बसावेसे वाटते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे, २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या किल्ल्यांपैकी एक. आणि त्या मुरुडबद्दल एक गोष्ट जोडप्यांना माहीत असावी. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केले म्हणून गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. आज त्याच गावात लोक हौसेने लग्नानंतर फिरायला जातात.

कधी जावे, याबद्दल आमचे मत ठाम आहे. आपल्या विवाहाला मुहूर्त लागत नाही. तरीही आपली निम्मी लग्ने मे महिन्यातच का होतात, हे आम्हाला कळत नाही. मंडप महाग, घोटाभर पाण्याची मारामार, आणि त्याच महिन्यात कोकणात खोलीचे भाव दुप्पट व घामाच्या धारा. जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले, पण तेव्हा आपल्याकडे सोयाबीन आणि कापूस; रोज बुडतो. जानेवारी-फेब्रुवारीत लग्न धरले तर सगळेच सोपे. या जोडप्याचे लग्न त्यामुळे मे ऐवजी फेब्रुवारीच्या मध्यावर आले आहे.

खरी अडचण पुढे आली. मुलाच्या आईला कळले. "लगन झालं का लगेच फिराले? लोकं काय म्हनतीन? अन् मी काय भांडे घासत बसू?" बाईंचा राग समजण्यासारखा होता. त्यांना कुणी कधी कुठे नेले नव्हते. मुलगी हुशार. ती म्हणाली, "आत्या, दापोलीजवळच वणंद हाय. रमाईचं माहेर."

हे खरेच आहे. माता रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, वणंद गावचा. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावर वाहत. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराची विक्री संपून जागा मोकळी झाल्यावर रात्री त्यांचे लग्न लागले. पुढे १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कला, मग लंडनला, १९२० ते १९२३ पुन्हा लंडनला. मुंबईतल्या चाळीत संसार रमाईंनी ओढला. समुद्राजवळ जन्मलेल्या त्या मुलीच्या वाट्याला नवऱ्यासोबत निवांत किनाऱ्यावर बसण्याचे दिवस किती आले असतील, असे आमची पत्नी म्हणाली तेव्हा सगळे गप्प झाले.

वणंदचे नाव निघताच बाई नरमल्या, पण भलत्याच दिशेने. "मंग मी बी येतो. मले बी रमाईचं माहेर पाह्यचं हाय." मुलगा आमच्याकडे बघू लागला, आम्ही छताकडे. शेवटी पत्नीनेच तोड काढली. वस्तीतील महिला मंडळ ७ फेब्रुवारीला जयंतीसाठी वणंदला जाणार, बाई त्यांच्यासोबत. आणि जोडपे लग्नानंतर, गर्दी ओसरल्यावर. आम्हाला एक गोष्ट मात्र खटकली. दोन माणसांना चार दिवस एकत्र राहायचे आहे, याला वणंदचे निमित्त का लागावे? दोघे लग्नाआधी तीन वेळा भेटले आहेत, तीनही वेळा भोवती दहा माणसे होती. तेवढे कारण पुरेसे होते. पण घरात मुलीला असे स्पष्ट बोलता येत नाही.

मुलीच्या वडिलांची शंका वेगळी होती. ती त्यांनी सगळे उठल्यावर हळूच विचारली. "तिकडं घरगुती खोल्या असतात. आडनाव इचारतात, भाऊ. खोली देतीन का आपल्याले?" या शंकेवर आम्ही हसलो नाही. दहा वर्षांपूर्वी एका गावी फोनवर आमचे पूर्ण नाव ऐकल्यावर खोली एकाएकी 'भरली' होती. संविधानाच्या कलम १५(२) प्रमाणे हॉटेलात जाण्यापासून जातीवरून कुणाला अडवता येत नाही, आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. पण लग्नानंतर चौथ्या दिवशी नवरीला पोलीस ठाण्यात बसवायचे नाही. म्हणून आम्ही मुलाकडूनच फोन लावून घेतला. आधी पूर्ण नाव, मग तारीख, मग दर. पलीकडच्या आजीबाईंनी एकच विचारले, "मासे खाता ना?" थोडी आगाऊ रक्कम पाठवून पावती मोबाईलवर घेतली. दोघांची आधार कार्डे आणि विवाह नोंदणीची प्रत सोबत असावी, म्हणजे पुढची विचारपूस टळते.

आता आकडे. रेल्वे जाऊन-येऊन दोघांचे दोन हजार, एस. टी. आणि रिक्षा दीड हजार, खोली तीन रात्री अठराशेप्रमाणे ५,४००, जेवण चार दिवसांचे ३,२००, वरखर्च दीड हजार. एकूण १३,६००. अडीअडचणीला दीड हजार धरून १५,१००. लग्नाच्या यादीत डीजेचे पस्तीस हजार लिहिलेले होते. मुलाने स्वतःच्या हाताने ते खोडले, वर गायन पार्टीचे दहा हजार लिहिले, आणि खाली 'दापोली' असा नवा आकडा टाकला. त्याचे मित्र नाराज आहेत. होऊ देत.

मुलाला आम्ही एकच ताकीद दिली आहे. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्रात पोहता येतेच असे नाही. भरती-ओहोटीची वेळ तिथल्या माणसाला विचारावी, ओहोटीत पाण्यात उतरू नये, आणि गुडघ्याच्या पुढे जाऊ नये.

मुलीच्या पासपोर्टचा अर्जही आम्ही भरून दिला. शिलाईच्या पैशातून दीड हजार तिने वेगळे काढले होते. मुदत दहा वर्षांची असते. होणाऱ्या सासूबाईंनी दोन जाड पिशव्या आत्तापासून काढून ठेवल्या आहेत. येताना हर्णैहून सुकट आणि बोंबील आणायचे, आणि खोलीत नाही, बाहेर ओसरीत ठेवायचे, वास येतो, असे त्यांनी दोघांना बजावले आहे.