मुलुखगिरी : मधाच्या रंगाचं गाव आणि एक पिवळी गाडी

दोस्तांनो, गेल्या काही आठवड्यांत आपण मोठमोठी शहरं पाहिली. या आठवड्यात मात्र एका चिमुकल्या गावाला जायचंय. गाव इतकं लहान, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला फार वेळ लागत नाही. गावाची वस्ती जेमतेम सहाशे. पण जगभरातून लोक ते पाहायला येतात आणि त्यामुळेच गावात एक पेच उभा राहिलाय. तो काय, ते शेवटी सांगतो. आधी गाव तर पाहू!

नकाशाचं पुस्तक उघडा. इंग्लंडमध्ये लंडन शोधा. तिथून पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटर सरका. ग्लॉस्टरशायर नावाचा परगणा लागेल. इथल्या बुटक्या, हिरव्यागार टेकड्यांना कॉट्सवोल्ड म्हणतात. या टेकड्यांमधून कोल्न नावाची एक छोटी नदी वाहते आणि पुढे लेचलेड गावाजवळ थेम्सला मिळते. हो, तीच थेम्स, जी ऑक्सफर्डवरून लंडनला जाते. या कोल्नच्या काठावर आपलं आजचं गाव आहे. नाव बायबरी.

बायबरीत शिरल्याबरोबर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती घरांचा रंग. सगळी घरं दगडी, पण दगड काळा नाही, पांढराही नाही. मधासारखा! ऊन पडलं की भिंती सोनेरी दिसतात. गंमत म्हणजे हा रंग कुणी दिलेला नाही. तो दगडाचाच आहे.

हा दगड म्हणजे चुनखडी. सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या काळात, इथे उबदार आणि उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे लाटांबरोबर लोळायचे. लोळता लोळता त्यांच्यावर चुन्याचे थर चढायचे आणि बारीक गोल दाणे तयार व्हायचे. लाडवासाठी बुंदी वळली की दाणे एकमेकांना चिकटतात ना, तसे हे दाणे चिकटून त्यांचा दगड झाला. भिंगातून पाहिलं तर माशाच्या अंड्यांचा पुंजका वाटावा. दगडात थोडं लोह आहे, म्हणून रंग पिवळसर. म्हणजे बायबरीतले लोक चक्क एका जुन्या समुद्राच्या तळात राहतात, म्हणा ना!

घरांची छपरंही दगडीच. पातळ फरशांची. या फरशा काढायची जुनी युक्ती ऐका. खाणीतून दगड काढायचा, ओला ठेवायचा आणि हिवाळ्यात उघड्यावर सोडून द्यायचा. रात्री गोठवणारी थंडी पडली की दगडाच्या थरांमधलं पाणी गोठतं. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. त्या फुगण्याने दगडाचे पापुद्रे सुटतात. माणसाने छिन्नी मारायच्या आधी अर्धं काम थंडीनेच केलेलं! मग कारागीर फरशांना आकार देत. मोठ्या, जड फरशा खाली, भिंतीजवळ. वर जावं तसतशा लहान. भार भिंतीवर येतो आणि छोटा तुकडाही वाया जात नाही.

आता नदीकडे चला. कोल्नचं पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे मोजावेत. याचं श्रेयही त्या चुनखडीला. टेकड्यांवर पडलेला पाऊस सगळाच्या सगळा धावत नदीत येत नाही. तो दगडाच्या भेगांतून खाली मुरतो, गाळला जातो आणि सावकाश झऱ्यांमधून बाहेर येतो. म्हणून पाणी थंड आणि स्वच्छ असतं. ट्राउट नावाच्या माशाला नेमकं असंच पाणी लागतं. ट्राउटची मादी शेपटीने तळाच्या बारीक गोट्यांत खड्डा करते आणि त्यात अंडी घालते. गोट्यांमधून स्वच्छ पाणी खेळत राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. पाण्यात गाळ आला की अंडी गुदमरतात. बायबरीत १९०२ साली ट्राउटची पैदास करणारं एक केंद्र सुरू झालं. जवळपासच्या नद्यांमध्ये मासे सोडावेत, हा त्यामागचा हेतू. ते आजही आहे.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी लोक इथे येतात. नदीवरचा छोटा पूल ओलांडला की उतारावर एकमेकांना टेकून उभी असलेली घरांची रांग दिसते. हीच आर्लिंग्टन रो. उतरती छपरं, लहानशा खिडक्या, ठेंगणी दारं. एखाद्या परीकथेच्या पुस्तकातलं चित्रच! पण थांबा. ही जागा राहण्यासाठी बांधलेली नव्हती बरं का. साधारण १३८० साली मठवासी साधूंनी ती बांधली, लोकर साठवायला!

त्या काळी इंग्लंडची श्रीमंती मेंढ्यांच्या पाठीवर होती. कॉट्सवोल्डच्या मेंढ्यांच्या लोकरीला परदेशातून मागणी असे. पार इटलीचे व्यापारी ती विकत घ्यायला येत. इंग्लंडच्या संसदेत उमरावांचं जे सभागृह आहे, त्याचे अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या एका मोठ्या लाल बैठकीवर बसतात. देशाचं धन लोकरीत आहे, याची ती जुनी आठवण.

पुढे सतराव्या शतकात या कोठाराची घरं झाली. त्यांत विणकर राहू लागले. चित्रात गोड दिसणाऱ्या या घरांत आयुष्य मात्र गोड नव्हतं. छोट्या अंधाऱ्या खोल्या, त्यातच माग, त्यातच चूल, त्यातच मुलंबाळं.

विणलेलं कापड जवळच्या आर्लिंग्टन गिरणीत जाई. ही गिरणी पाण्यावर चालायची. कशासाठी? आईला विचारा, लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात भिजवला तर काय होतं? आटतो! घट्ट आणि जाड होतो. विणकरांना हेच मुद्दाम करायचं असे. कापड ओलं करून कुटलं की धागे एकमेकांत गुंततात आणि वारा-पाऊस आत शिरत नाही. फार पूर्वी माणसं हे कापड पायांनी तुडवत. नंतर पाणचक्कीने उचलले जाणारे लाकडी हातोडे ते काम करू लागले. लोकरीतला तेलकटपणा काढायला एक खास माती वापरत. ती कोणती, ओळखा पाहू? आपली मुलतानी माती! ताई तोंडाला लावते ना, तीच.

इंग्रजांमध्ये फुलर, वॉकर, टकर अशी आडनावं असतात. ही तिन्ही आडनावं कापड कुटण्याच्या याच धंद्यावरून पडली. आपल्याकडे शिंपी, सुतार, कासार अशी आडनावं आहेत, तसंच हे.

कुटून झालं की कापड वाळवायचं कुठे? आर्लिंग्टन रोच्या समोर, तीन बाजूंनी पाणी असलेलं एक सपाट कुरण आहे. तिथे लाकडी चौकटी उभ्या करत आणि कापड ताणून अडकवत. अशा चौकटीला इंग्रजीत रॅक म्हणतात, म्हणून त्या कुरणाचं नाव रॅक आइल. आज तिथे ना चौकटी, ना कापड. पाणथळ जागेतली झाडं आणि पाखरं मात्र सुखाने नांदतात.

पुढे यंत्रं आली. मोठमोठ्या गिरण्या दुसऱ्या भागांत उभ्या राहिल्या. खेड्यातल्या हातमागाला काम उरलं नाही. विणकर गेले, माग थांबले. गाव गरीब झालं. आणि एक मजेची गोष्ट अशी, की गरीब झालं म्हणूनच ते जसंच्या तसं राहिलं! जुनं पाडून नवं बांधायला पैसा होता कुणाकडे?

मग बाहेरच्यांचं लक्ष गेलं. विल्यम मॉरिस हे एकोणिसाव्या शतकातले मोठे कवी आणि कलावंत. कापडावरच्या आणि भिंतीच्या कागदावरच्या वेलबुट्ट्यांसाठी प्रसिद्ध. थेम्सच्या काठी केल्मस्कॉट या गावी त्यांचं घर होतं. बायबरी हे इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर गाव आहे, असं ते म्हणाल्याचं सांगतात. जुन्या इमारती जपण्यासाठी १८७७ साली एक संस्था काढण्यातही त्यांचा पुढाकार होता.

दुसरे होते अमेरिकेचे मोटारसम्राट हेन्री फोर्ड. त्यांना म्हणे अख्खी आर्लिंग्टन रो उचलून अमेरिकेला न्यायची होती! ऐकून हसू येतं ना? पण हसू नका. जवळच्याच चेडवर्थ गावातलं एक जुनं दगडी घर त्यांनी १९३० च्या सुमारास खरोखर विकत घेतलं. दगडांवर आकडे घातले, घर उतरवलं, पोत्यांत आणि पेट्यांत भरलं आणि बोटीने अमेरिकेला नेलं. मिशिगन राज्यातल्या त्यांच्या संग्रहालयात ते आजही उभं आहे. घर नेता आलं. पण त्याच्याजवळची टेकडी, नदी आणि शेजारी कसे नेणार?

आर्लिंग्टन रो मात्र जागेवरच राहिली. १९२९ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने ती वाचवण्यासाठी पुढाकार घेतला. १९४९ पासून ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. पण ते संग्रहालय नव्हे हं. तिथे माणसं राहतात. सकाळी दूध तापवतात, कपडे वाळत घालतात, गाडी दारात लावतात.

आणि इथेच तो पेच आला, दोस्तांनो.

गावातल्या एका रहिवाशाची छोटी गाडी होती. रंग चकचकीत पिवळा. ती घराजवळ उभी असायची. फोटो काढायला आलेले लोक कुरकुर करू लागले, “या पिवळ्या गाडीमुळे आमचा फोटो बिघडतो!” २०१५ च्या सुमाराला ही तक्रार वर्तमानपत्रांत आली. २०१७ च्या सुरुवातीला तर कुणीतरी त्या गाडीच्या काचा फोडल्या आणि पत्र्यावर ओरखडे काढले. कुणी केलं, का केलं, काय सांगावं! पण गाडी गेली कामातून.

ही बातमी पसरली आणि पाहा काय झालं. १ एप्रिल २०१७ ला देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसं आपापल्या गाड्या घेऊन बायबरीकडे निघाली. सगळ्या गाड्या पिवळ्या! शंभराच्या आसपास पिवळ्या गाड्यांची मिरवणूक त्या चिमुकल्या गावातून गेली. एप्रिल फूल नव्हे, अगदी खरं. कुणी भाषण केलं नाही, कुणाशी भांडण केलं नाही. “तुमच्या दारात तुमची गाडी लावायचा तुम्हाला हक्क आहे,” एवढंच त्यांनी न बोलता सांगितलं.

पेच तिथे संपला नाही. मोबाइलवर फोटो टाकायची हौस वाढली, तशी गर्दीही वाढली. सुटीच्या दिवशी मोठमोठ्या बसगाड्या अरुंद रस्त्यावर येतात. माणसं खाली उतरतात, भराभर फोटो काढतात आणि निघून जातात. कुणी कुणी तर खिडकीतून घरात डोकावतात! २०२५ मध्ये तिथल्या काउंटी कौन्सिलने नदीकाठी मोठ्या बसगाड्या उभ्या करण्यावर बंधनं घालून पाहायला सुरुवात केली.

दुसरी बाजूही आहे बरं का. पाहुणे आले की हॉटेल चालतं, चहाची दुकानं चालतात, मत्स्यकेंद्र चालतं. आणि इतकी सुंदर जागा पाहावीशी वाटणं यात काय गैर? येऊच नका, असं कसं म्हणणार? मग करायचं काय? तुम्ही गावचे सरपंच असता, तर काय ठरवलं असतं? जेवताना आई-बाबांशी यावर जरूर बोला. मला विचाराल तर आधी एक गोष्ट मनाशी धरायला हवी. आपल्याला जे चित्र वाटतं, ते कुणाचं तरी घर असतं.

आपणही सहलीला जातो. कोकणातलं कौलारू घर दिसतं, वाईचा घाट दिसतो, वारली चित्रांनी सजलेली भिंत दिसते. झटकन कॅमेरा निघतो. अशा वेळी दारात कुणी असेल, तर आधी “काढू का फोटो?” एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या गावाजवळची किंवा आजोळची एक नदी निवडा. आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारा. पूर्वी या नदीवर कोणकोणते धंदे चालायचे? काठावरची जुनी घरं कशाची बांधलेली आहेत आणि ते दगड, विटा, लाकूड कुठून यायचं? तुम्ही आमच्याएवढे असताना नदीत काय दिसायचं, जे आता दिसत नाही? उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि जमलं तर एक चित्रही काढा. चित्रात एखादी पिवळी गाडी आली, तरी चालेल!

पुढच्या आठवड्यात भेटू, एका नव्या मुलखात.