विकासक कोण आणि गवंडी कोण?

२५ जून २०२५ रोजी लखनौचे सुपुत्र ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अवकाशात झेपावले, तेव्हा त्या शहराच्या आनंदाला पारावार उरला नव्हता. सिटी माँटेसरी शाळेच्या सभागृहात त्यांचे मातापिता आणि विद्यार्थी पडद्याकडे डोळे लावून बसले होते. राकेश शर्मा १९८४ साली सोव्हिएत यानातून गेले होते. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी दुसरा भारतीय अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरत होता. शुक्ला यांचे शिक्षण प्रथम मॉस्कोजवळच्या गागारिन प्रशिक्षण केंद्रात व पुढे अमेरिकेत झाले. यानाच्या हुबेहूब प्रतिकृतीत, म्हणजे ज्याला सिम्युलेटर म्हणतात त्यात, तासन् तास बसल्यावाचून हे शिक्षण पुरे होत नाही.

‘मुलांनो, तुम्हीही स्वप्ने पाहा’ असा उपदेश अशा प्रसंगी हमखास होतो. त्याच लखनौच्या दक्षिण अंगाला, रायबरेली रस्त्यावर, तेलीबाग नावाची वस्ती आहे. तेथल्या किराणा दुकानदाराच्या अथवा कारकुनाच्या मुलाने स्वप्न पाहायचे ठरवले, तर त्याला सिम्युलेटर कोठून मिळणार? सरकारी कृपेने तर नाहीच. त्याच्या हाती फार तर एक संगणकीय खेळ येऊ शकतो. आणि नवलाची गोष्ट अशी, की या कामाचा एक उत्तम खेळ जगात खरोखरच तयार झाला होता. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हे त्याचे नाव. त्याचे पुढे काय केले गेले, आणि त्यावरून खेळाडूंमध्ये जो वाद माजला त्यात खरा प्रतिवादी कसा नामानिराळा राहिला, हे पाहण्यासारखे आहे.

खेळ म्हटला की पोरकटपणा, असे समजून नाक मुरडणाऱ्यांनी प्रथम तो काय शिकवतो ते पाहावे. हिरव्या बुटक्या माणसांच्या एका कल्पित ग्रहावरून खेळाडूने स्वतः जुळवलेले अग्निबाण सोडायचे असतात. ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दशांशाहूनही कमी. पण गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच. पहिला अग्निबाण सरळ वर जातो आणि सरळ खाली कोसळतो. दहावीस याने फोडल्यावर खेळाडूच्या ध्यानात येते की, कक्षेत जाण्यासाठी उंची पुरत नाही, आडवा वेग लागतो. पुढे त्याहून चमत्कारिक गोष्ट उमगते: त्याच कक्षेत आपल्या पुढे असलेल्या यानाला गाठायचे, तर वेग कमी करावा लागतो, म्हणजे आपले यान खालच्या, लहान कक्षेत उतरते व प्रदक्षिणा लवकर पुरी करते. कालुगा येथील शाळामास्तर त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेले अग्निबाणाचे सूत्र, इंधनाचे वजन उचलण्यासाठीही इंधनच लागते हा त्यातला निर्दय हिशेब, पाठ्यपुस्तकात वाचून जो विद्यार्थी जांभई देतो तोच येथे कागदावर गणित मांडून बसतो. अमेरिकेच्या ‘नासा’ने २०१४ साली व युरोपीय अवकाश संस्थेने २०२० साली या खेळाशी सहकार्य केले, ते उगाच नव्हे.

हा खेळ कोणा बलाढ्य कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. मेक्सिको शहरात ‘स्क्वाड’ नावाची एक जाहिरातविषयक कामे करणारी संस्था होती. तिच्यातील फेलिपे फालांगे हा ब्राझीलमध्ये जन्मलेला तरुण नोकरी सोडून खेळ बनवायला निघाला होता. मालकांनी त्याला तेथेच तो बनवू दिला. जून २०११ मध्ये पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे आली आणि १.० हा क्रमांक लागायला एप्रिल २०१५ उजाडले. मधली चार वर्षे खेळाडू अपुरा खेळ विकत घेत होते, दोष कळवत होते, स्वतः नवे भाग रचून एकमेकांना फुकट देत होते. अवकाशविमानांचे सुटे भाग असेच एका खेळाडूने बनवले होते. २०१४ साली ते मूळ खेळात घेतले गेले. नवशिक्यांना शिकवणाऱ्या चित्रफिती खेळाडूंनीच तयार केल्या. खेळाचे मूल्य किती हातांनी घडवले याचा हिशेब मांडू गेल्यास मालकी हक्काचा कागद फार अपुरा पडतो.

खेळाडूंच्या मताला वजन होते, त्या दिवसांतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एप्रिल २०१३ मध्ये भावी विस्तारांसाठी वेगळे पैसे आकारण्याची भाषा निघताच खेळाडूंनी गिल्ला केला: पुढील सर्व सुधारणा मिळतील असे सांगून तुम्ही आमच्याकडून पैसे घेतले आहेत! संस्थेला माघार घ्यावी लागली. त्या महिन्याअखेर ज्यांनी खेळ घेतला होता त्यांना सर्व विस्तार विनामूल्य देण्याचे तिने मान्य केले, आणि पुढे तसे दिलेही. त्या वेळी खेळाडूंनी मागणी नेमक्या दारावर नेली होती.

परंतु याच संस्थेच्या आतल्या खोल्यांत काय चालले होते, इकडे फार थोड्यांचे लक्ष होते. मे २०१६ मध्ये फालांगे बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठ जणांनी एकाच वेळी काम सोडले. अल्प वेतन आणि जादा तास यांच्या तक्रारी माजी कर्मचाऱ्यांकडून उघडपणे झाल्या. सात महिन्यांनी, ३१ मे २०१७ रोजी, खेळाचे सर्व हक्क न्यूयॉर्कच्या ‘टेक-टू इंटरॲक्टिव्ह’ या बड्या कंपनीने विकत घेतल्याचे जाहीर झाले. ज्यांनी फुकट भाग बनवून दिले होते त्या खेळाडूंना या सौद्यात कोणी विचारले नाही; विचारण्याची पद्धतच नाही.

येथून दुसऱ्या अंकाचा आरंभ होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ची घोषणा झाली. परग्रहांवर वसाहती, दूरच्या ताऱ्यांकडे जाणारी याने, अनेकांनी मिळून खेळण्याची सोय, अशी आश्वासनांची खैरात झाली. मुदत होती २०२०. काम वॉशिंग्टन राज्यातील ‘स्टार थिअरी’ या लहान संस्थेकडे सोपवलेले होते. डिसेंबर २०१९ मध्ये टेक-टूने ते काम काढून घेतले, आणि त्याच वेळी संस्थेच्या कर्मचाऱ्यांना परस्पर संदेश धाडले की आमच्या नव्या स्टुडिओत या. सुमारे एक तृतीयांश लोक गेले. नोकरी टिकवायची तर दुसरे करणार काय? उत्पन्नाचे एकमेव काम गेलेली ती संस्था मार्च २०२० मध्ये बंद पडली. ‘ब्लूमबर्ग’ या भांडवली वर्तुळातल्याच वृत्तसंस्थेने हा प्रकार जून २०२० मध्ये चव्हाट्यावर आणला, तोवर बाहेरच्या खेळाडूला काही पत्ता नव्हता. नव्या स्टुडिओला ‘इंटरसेप्ट गेम्स’ हे नाव मिळाले. मुदत २०२१ झाली, २०२२ झाली, २०२३ झाली.

अखेर २४ फेब्रुवारी २०२३ रोजी खेळ बाजारात आला तो ‘अर्ली ॲक्सेस’ या बिरुदाखाली. या शब्दाचे भाषांतर करावयाचे तर ‘आगाऊ प्रवेश’ असे शब्दशः होईल. अर्थ विचाराल तर ‘अर्धवट मालाची पूर्ण दराने विक्री’ असा आहे. किंमत जवळपास पन्नास डॉलर. वसाहती नाहीत, ताऱ्यांचा प्रवास नाही, सामूहिक खेळ नाही. इतकेच नव्हे, तर वातावरणात परतणाऱ्या यानाचे तापणेसुद्धा नाही, जे पहिल्या खेळात कैक वर्षे होते. याने आपोआप मोडत, चित्र अडखळत असे. चालवायला लागणारी चित्रयंत्रणा किमान ‘आरटीएक्स २०६०’ जातीची हवी, असे विक्रीपूर्वी जाहीर झाले होते. जुन्या संगणकावर पहिला खेळ रेटून चालवणाऱ्या तेलीबागेतल्या मुलाला दार बंद करण्यास एवढी एक ओळ पुरेशी होती.

खेळाडूंचा संताप उसळला, आणि तो न्याय्य होता. पण त्याच्या वाटा फुटल्या. काहींनी पैसे परत मागितले. काहींनी दोषांच्या मुद्देसूद याद्या केल्या. मोठ्या संख्येने लोकांनी मात्र ‘डेव्हलपर’ या एका शब्दावर सारा राग ओतला. डेव्हलपर आळशी, डेव्हलपर खोटारडे, डेव्हलपरांना खेळ कळत नाही! उलट बाजूला स्वयंघोषित समंजस मंडळी उभी राहिली. त्यांचा शहाजोग सल्ला असा, की पाटीवर ‘अर्धवट’ लिहिले होते, मग तक्रार कसली, धीर धरा. दोन्ही पक्ष परस्परांशी कडाकडा भांडत होते आणि न्यूयॉर्कच्या संचालक मंडळाचे नाव त्या गदारोळात क्वचितच ऐकू येत होते.

घोळ शब्दातच आहे. मराठीत ‘डेव्हलपर’ला विकासक म्हणतात, आणि मुंबई-ठाण्यात विकासक म्हणजे कोण हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे: जमीन ज्याच्या ताब्यात, नकाशा ज्याच्या नावावर, गिऱ्हाइकाचा पैसा ज्याच्या खात्यात, तो. इमारत पाचव्या मजल्यावर अडली म्हणून विटा रचणाऱ्या गवंड्याच्या झोपडीवर मोर्चा नेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. संगणकाच्या धंद्यात मात्र हाच शब्द गवंड्यालाही लावतात आणि मालकालाही. पगारावर आज्ञावली लिहिणारा, उद्या घरी पाठवला जाणारा माणूस ‘डेव्हलपर’. आणि मुदत, किंमत, विक्रीची तारीख ठरवणाराही त्याच शब्दाच्या पदराआड उभा. मालकाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची भाषा कोणती? जाहिरातीच्या चित्रफितींत कल्पक दिग्दर्शकाला हसतमुखाने पुढे उभे केले जाते, त्यामागेही हीच सोय आहे. आपण देऊ शकू की नाही याची शाश्वती नसता आश्वासने देणाऱ्या त्या मंडळींचा दोष नाही असे नव्हे. तो आहे. परंतु अपुरा खेळ त्याच दिवशी आणि त्याच किमतीला विकण्याचा अंतिम अधिकार त्यांच्यापाशी नव्हता.

विकासकाची उपमा आणखी एका कामी येते. तेलीबागेला लागूनच उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेची वृंदावन योजना पसरली आहे. आसपास खासगी वसाहतींच्या जाहिरातीही कमी नाहीत. न बांधलेले घर विकण्याच्या धंद्यात लोकांची इतकी लूट झाली की, महाराष्ट्राला १९६३ सालीच सदनिकांच्या मालकी हक्काचा कायदा करावा लागला आणि २०१६ साली संसदेला स्थावर संपदा अधिनियम करावा लागला. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामावर खर्च केली पाहिजे. ताबा वेळेवर दिला नाही तर ग्राहकाला पैसे व्याजासह परत मागता येतात. हा कायदा परिपूर्ण आहे असे कोणी म्हणणार नाही. अडलेल्या घरांचे सांगाडे नोएडापासून नवी मुंबईपर्यंत उभे आहेत. तरीही ‘पाटीवर अर्धवट लिहिले होते’ ही सबब तेथे चालत नाही. संगणकीय खेळाच्या आगाऊ विक्रीत ना वेगळे खाते, ना मुदत, ना व्याज. धीर धरण्याचा उपदेश करणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की धीर धरणाऱ्याच्या पैशाची राखण कोणी करायची?

हा वाद सातासमुद्रापलीकडचा आहे असेही कोणी समजू नये. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या जुन्या खेळाची नवी आवृत्ती घडवण्याचे काम फ्रेंच कंपनी ‘युबिसॉफ्ट’ने आपल्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंना दिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक दाखवण्यात आली. चित्रे जुनाट दिसतात म्हणून जगभर टिंगल झाली, आणि त्या टिंगलीत ‘हिंदुस्थानी काम, असेच असायचे’ हा वर्णद्वेषी सूरही होता. जानेवारी २०२१ ची मुदत टळली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवल्याचे कंपनीने जाहीर केले. मोठ्या नव्या खेळाचे काम प्रथमच अंगावर घेणाऱ्या स्टुडिओंना किती काळ व किती पैसा दिला होता, हा प्रश्न टवाळखोरांपैकी किती जणांनी केला? पुण्याच्या मुलांच्या कपाळी नालायकीचा शिक्का बसला. मुदत आखणाऱ्या पॅरिसच्या साहेबांच्या कपाळी काही बसले नाही. आता महाराष्ट्र सरकार याच धंद्यासाठी २०२५ साली धोरण आखून गुंतवणूकदारांना पायघड्या घालत आहे. त्यात येणाऱ्या हजारो तरुणांनी ही हकीकत ध्यानी ठेवलेली बरी.

सिएटलच्या गवंड्यांनी शर्थ केली नाही असे म्हणवत नाही. डिसेंबर २०२३ मधल्या सुधारणेने यानाचे तापणे आले, वैज्ञानिक प्रयोग आले, खेळाडूंची मते मवाळ होऊ लागली. वसाहतींचे काम पुढे होते. तोच एप्रिल २०२४ मध्ये टेक-टूने जगभरातील आपले पाच टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि सिएटलमधील सत्तर नोकऱ्या जात असल्याची सूचना राज्य सरकारकडे दाखल झाली. हीच कंपनी दोन वर्षांपूर्वी ‘झिंगा’ ही मोबाइल खेळांची कंपनी घेण्यासाठी १२.७ अब्ज डॉलरचा सौदा करू शकली होती. मे महिन्यात मुख्याधिकारी स्ट्रॉस झेल्निक यांनी मुलाखतीत ठामपणे सांगितले की, आम्ही ते स्टुडिओ बंद केलेले नाहीत. खेळाडू विचारत राहिले, उत्तर येईना. सुधारणा थांबल्या, घोषणा थांबल्या. विक्री तेवढी थांबली नाही. कामगार गेल्यानंतरही खेळ त्याच पन्नास डॉलरांना दुकानात मांडलेला होता, पाटीवर तोच ‘आगाऊ प्रवेश’.

नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक-टूने हा सारा विभागच विकून टाकला. खरेदीदाराचे नाव त्या वेळी सांगितलेही नाही. मागाहून ते फुटले. टेक्सासमधील ‘हवेली इन्व्हेस्टमेंट्स’ नावाची ती गुंतवणूक संस्था आहे. हवेली या शब्दाचा अर्थ लखनौकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१३ साली ज्यांनी एका महिन्यात मालकाला माघार घ्यायला लावली, त्या खेळाडूंच्या पुढच्या पिढीला आता मागणी घेऊन जायचे तर दारावरची पाटीच अकरा वर्षांत दोनदा बदललेली आहे.