पडदा २० बोटं ओळखतो, मग फळ्यापाशी एकच मूल का?

पावसाळ्यात रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत रोपवेच्या रांगेत उभं राहून मोबाईल बाहेर काढून बघा. स्क्रीनवर चार थेंब पडले की फोन वेड्यासारखा वागतो. न दाबलेलं बटण दाबलं जातं, फोटो आपोआप मोठा होतो. फोन बिघडलेला नसतो. त्याला थेंब आणि बोट यातला फरक कळेनासा झालेला असतो.

काचेखाली न दिसणाऱ्या तारांची उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि चिप तो बदल मोजते. पाण्याचा थेंबही असाच बदल घडवतो. म्हणून गोंधळ.

दोन बोटं, चार जागा

एका बोटाची जागा शोधणं सोपं. कोणती उभी ओळ आणि कोणती आडवी, एवढं कळलं की झालं. दोन बोटं टेकवली की मात्र दोन उभ्या आणि दोन आडव्या ओळी जाग्या होतात आणि त्यांचे छेद होतात चार. खरी बोटं दोन, बाकीची दोन भुतं! इंजिनीअर मंडळीही त्यांना 'घोस्ट टच'च म्हणतात. यावर उपाय म्हणून आजचे फोन पूर्ण ओळ न मोजता जाळीचा प्रत्येक छेद वेगळा मोजतात. २००७ मध्ये आयफोन आला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करणं घरोघरी पोहोचलं.

शाळांमध्ये बसवलेल्या मोठ्या पॅनेलचं तंत्र बहुधा वेगळं असतं. त्यांच्या चौकटीत इन्फ्रारेड एलईडी आणि समोरच्या बाजूला सेन्सर असतात. बोटाने किरण अडला की जागा कळते, त्यामुळे साधी काठीही चालते. '१० टच', '२० टच' असं खोक्यावर छापलेलं असतं. प्रत्यक्षात पॅनेलवर गुरुजी व्हिडिओ लावतात आणि मुलं बघतात. फार तर एकाला पुढे बोलावलं जातं. म्हणजे महागडा टीव्हीच झाला की!

दोष शिक्षकांचा नाही. बरीचशी शैक्षणिक सॉफ्टवेअर एका माणसासाठीच लिहिलेली असतात. शिवाय अनेक बोटं ओळखणं आणि अनेक माणसं ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार मुलांनी एकदम हात लावला तर बोट कुणाचं, हे पॅनेलला कळत नाही. अमेरिकेतल्या मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये 'डायमंडटच' नावाचं टेबल मांडलं होतं. त्याची युक्ती भन्नाट होती. टेबलातून निघालेला क्षीण संकेत स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून त्याच्या खुर्चीपर्यंत जायचा आणि खुर्चीवरून माणूस ओळखला जायचा.

वर्गात काय करता येईल?

हे तंत्र पाहण्यापेक्षा बनवून जास्त कळतं. लागतं काय? काही शे रुपयांचा आर्डुइनो बोर्ड, एक मेगाओहमचे रेझिस्टर, वायर आणि स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल. ईएसपी३२ घेतला तर त्याच्या चिपमध्ये स्पर्श ओळखणाऱ्या १० पिना आधीच असतात. पुठ्ठ्यावर रायगडाचा नकाशा काढा. महादरवाजा, गंगासागर, टकमक टोक, हिरकणी बुरूज यांच्याखाली फॉइलचे तुकडे चिकटवा आणि प्रत्येकाला एक एलईडी द्या. चार मुलांनी एकदम बोटं ठेवली की चारही दिवे लागतात. मग लॅपटॉपचा चार्जर काढा. बोर्डाचं 'अर्थिंग' बदलल्यामुळे आकडे बदलू शकतात. पुस्तकात एका ओळीत संपणारा मुद्दा इथे तासभर पुरतो.

अशा कामासाठी सरकारी योजना आहे. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू आहे. सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. मात्र चौथीपर्यंतच्या वाडी-वस्तीवरच्या शाळा या चौकटीत बसत नाहीत. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात अशा शाळांची गरज एका लॅबची नाही. एक खोकं, एक संच आणि महिन्यातून एकदा येणारं कुणीतरी, एवढं पुरेल.

ते 'कुणीतरी' फार लांब नाही. महाडहून माणगावकडे जाताना लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट करावाच लागतो. तो वाडीवरच्या शाळेत केला तर गुण कमी होणार नाहीत. करून शिकण्याचा नमुनाही महाराष्ट्रातलाच आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीच्या साथीने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. शहरातलं मोठं कॉलेज नव्हे, गावातली शाळा!

तोवर ज्या शाळेत पॅनेल आहे, तिथे एक चाचणी फुकटात होते. ड्रॉइंगचं अॅप उघडा, दोन मुलांना समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभं करा आणि एकाच वेळी एकमेकांना छेदणाऱ्या रेषा ओढायला सांगा. रेषा तुटल्या किंवा भलत्याच जागी उमटल्या, तर 'भूत' सापडलं असण्याची शक्यता बरीच आहे. ते का आलं, हे मुलांनाच शोधू द्या.